वर्धा जिल्हा आणि यंत्रशाळेच्या आरंभाचा प्रश्न

एखाद्या प्रदेशात यंत्रे येणे आणि तेथे यंत्रे घडविणारी यंत्रशाळा उभी राहणे, या दोन स्वतंत्र घटना होत. आपल्याकडील औद्योगिक इतिहासलेखनात पहिल्या घटनेची नोंद आस्थेने घेतली जाते. दुसरी मात्र पहिलीच्या पाठोपाठ आपोआप घडते असे गृहीत धरले जाते. वर्धा जिल्ह्याचा इतिहास या गृहीताला बाध आणणारा आहे. येथे यंत्रे लवकर आली, भांडवल होते, रेल्वे होती. तरीही यंत्रनिर्मितीचे केंद्र म्हणून हा जिल्हा पुढे आला नाही. असे का झाले, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

१

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढण्यात आला. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटच्या कापसाला मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारांत स्वतंत्र नाव होते. त्या कापसामागोमाग सरकी काढण्याचे व गासड्या बांधण्याचे कारखाने आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्याही उभ्या राहिल्या.

सरकी काढण्याच्या मॅकार्थी पद्धतीच्या यंत्रात चामड्याचा रूळ स्थिर पात्याला घासत फिरतो व तंतू ओढून घेतो. हलते पाते सरकी मागे सारते. चामडे झिजते, रुळावरील खाचा पुन्हा पाडाव्या लागतात, पात्यांना धार द्यावी लागते, दांडे सरळ करावे लागतात. म्हणजे प्रत्येक कारखान्याला लेथ, भोके पाडण्याचे यंत्र, भट्टी आणि एक जाणता फिटर यांची गरज असे. यंत्रशाळेचे बीज येथे होते, यात शंका नाही.

परंतु हे काम हंगामी होते. कापूस घरात येण्यापूर्वी त्याची धांदल उडे आणि हंगाम सरताच लेथ थंड पडे. शिवाय मूळ यंत्र लँकेशायरमधील प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखानदारांचे असल्याने त्याची रचना, मापे आणि महत्त्वाचे भाग तिकडूनच ठरून येत. येथील फिटरचे कौशल्य दुसऱ्याची वस्तू चालती ठेवण्यात खर्ची पडे. वर्षभर पुरेल असे काम आणि स्वतःची म्हणता येईल अशी वस्तू, या दोहोंच्या अभावी दुरुस्तीची शाळा निर्मितीची शाळा होऊ शकली नाही, असे दिसते.

२

याच्या तुलनेसाठी दक्षिण महाराष्ट्राकडे पाहणे उपयुक्त ठरेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले होते. पुढे बेळगाव येथे बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींच्या दुकानातून त्यांनी उद्योगाचा पाया घातला. कडबा कापण्याचे यंत्र व १९०३ साली लोखंडी नांगर या त्यांच्या आरंभीच्या वस्तू. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे नांगराला ग्राहक मिळणे आरंभी कठीण गेले. १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ओसाड माळ दिला आणि किर्लोस्करवाडी वसली.

या माळावर वर्ध्याहून अधिक अनुकूल असे काय होते? कापसाची पेठ नव्हती, गिरण्या नव्हत्या. अनुकूलता होती ती योजनेत. वस्तू प्रथम ठरली, ग्राहक शेतकरी म्हणून निश्चित झाला. झिजणारा फाळ पुन्हा पुन्हा लागणारच होता, आणि नांगराच्या जोडीला इतर वस्तू घेऊन ओतशाळा बारमाही चालती ठेवता येत होती. लेथ कोठे मांडावा हा प्रश्न त्यानंतरचा होता.

३

वर्ध्यात यंत्ररचनेचा विचार पुन्हा सुरू झाला तो निराळ्याच दिशेने. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी यंत्रशास्त्राच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहाव्यात अशा आहेत. यंत्र हलके व झोपडीत चालणारे असावे. स्त्रीला ते आठ तास सलग, फारसे श्रम न होता चालविता यावे. तेवढ्या वेळात बारा ते वीस नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या आत असावी. यंत्र वीस वर्षे टिकावे आणि वार्षिक दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून, म्हणजे साडेसात रुपयांहून, अधिक नसावा. किर्लोस्करवाडीहूनही या स्पर्धेसाठी चरखा तयार झाला होता. पारितोषिक मात्र कोणासच मिळाले नाही.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेली बाग मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. संघाचे मंत्री जे. सी. कुमारप्पा यांच्या काळात तेथे तेलघाणी, कागद, गूळ, मधमाशापालन अशा उद्योगांचे प्रयोग झाले. झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली घाणी वर्धा घाणी म्हणून प्रसिद्ध झाली; मगनदीप व पायाने चालणारा दोन चात्यांचा मगन चरखा हीही त्याच वातावरणाची फळे होत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

मगनवाडीच्या विचारात साधनाची कसोटी अशी होती, की ते गावच्या सुताराला व लोहाराला करता यावे आणि निदान दुरुस्त तरी करता यावे. या कसोटीचा आर्थिक परिणाम लक्षात घेतला पाहिजे. वस्तू जितकी यशस्वी, तितकी ती मूळ शाळेवर कमी अवलंबून राहणार. येथे सुटा भाग विकून चालणारा धंदा उभा राहणे कसोटीलाच धरून नव्हते. किर्लोस्करवाडीने ग्राहक जोडला. मगनवाडीने कारागीर जोडण्याचा यत्न केला.

४

या कसोटीची मर्यादा अंबर चरख्याने उघड केली. तामिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी योजिलेल्या या यंत्राचा प्रसार १९५६ पासून दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आला. त्याचे रूळ, दंतचक्रे व चात्या अचूक मापाच्या लागतात. गावच्या सुताराच्या हातातून ते काम निसटले आणि धातूचे भाग करणाऱ्या शाळेची गरज पुन्हा उत्पन्न झाली. मगनवाडीत १९५५ साली ग्रामोद्योगांसाठी जमनालाल बजाज यांच्या नावे मध्यवर्ती संशोधनसंस्था निघाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था या नावाने तिची पुनर्रचना झाली. १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी वर्ध्याजवळ ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. साधन कोठे घडावे आणि कोणी दुरुस्त करावे, हा प्रश्न या दोन्ही संस्थांकडे वारशाने आला.

वर्ध्याच्या उदाहरणावरून एवढे म्हणता येईल, की यंत्रशाळेचा आरंभ यंत्रखरेदीने होत नाही. कोणती वस्तू, कोणासाठी, वर्षातून किती महिने आणि ती मोडल्यावर कोणाच्या हाती जाणार, या चार प्रश्नांची उत्तरे आधी ठरावी लागतात. जिनिंग कारखान्यांत ती परदेशी उत्पादकाने व कापसाच्या हंगामाने ठरविली होती, किर्लोस्करवाडीत उद्योजकाने, आणि मगनवाडीत एका सामाजिक ध्येयाने. चौथ्या प्रश्नाच्या उत्तराशी गावच्या लोहार-सुताराची उपजीविका बांधलेली होती. म्हणून मगनवाडीचा प्रयोग केवळ व्यापारी अपयश म्हणून मोजणे न्याय्य होणार नाही. आणि केवळ ध्येयाकडे पाहून, बारमाही काम नसलेली शाळा टिकत नाही ही जिनिंग कारखान्यांची साक्ष दुर्लक्षिणेही योग्य होणार नाही.