नमुना कुठं जातो? मानमोडीपासून उदगीरच्या कावळ्यांपर्यंत

विषयात ‘विषाणू’ हा शब्द पाहून आज कुणी डॉक्टर बोलणार असं काहींना वाटलं असेल. मी डॉक्टर नाही, इतिहासाचा माणूस आहे. त्यामुळे औषध काय घ्यावं हे मला विचारू नका. श्वासातून पसरणाऱ्या तापाच्या साथी गेल्या शंभरेक वर्षांत आपल्या नांदेड-लातूर भागात आल्या, तेव्हा ताप आलाय हे कुणाला कळलं, किती दिवसांनी कळलं आणि कुठं बसून कळलं, एवढंच मला आज बघायचं आहे. रोग कुठून आला याची चर्चा खूप होते. रोगाचा नमुना कुठं गेला याची होत नाही.

सुरुवात 1918 पासून करू. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात नव्हतो, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. नांदेड हा जिल्हा होता. लातूर जिल्हा नव्हता, तो 1982 साली झाला. तेव्हा लातूर म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यातली बाजारपेठ. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात. कारभार उर्दूत आणि साल फसली. 1918 च्या ऑक्टोबरात, साथ सगळ्यात जोरात असताना, सरकारी दप्तरात फसली 1327 संपून 1328 लागत होतं. म्हणजे एकाच साथीचे मृत्यू दोन वेगवेगळ्या सालांच्या खात्यात गेले. जुनी कागदपत्रं चाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मुंबईत हा ताप जून 1918 मध्ये आला. गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आधी आजारी पडले. पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती वेगळीच. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवसात मुंबई शहरात 768 मृत्यू नोंदले गेले. हा आकडा आपल्याला मिळतो, कारण मुंबईत महापालिका होती, तिचा आरोग्य अधिकारी होता, स्मशानं आणि कबरस्तानांवर नोंद ठेवणारी माणसं होती.

आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. आपल्याकडं यायला दोन रूळ होते. एक मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी करत नांदेडवरून हैदराबादला जाणारा, गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज. तो 1900 च्या सुमारास सुरू झाला आणि मनमाडला मुंबईच्या मोठ्या लाइनीला मिळाला. दुसरी आपली बार्शी लाइट. अडीच फुटांची नॅरोगेज, कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे 1911 मध्ये लातूरपर्यंत पोचली. इथल्या जुन्या माणसांना ती गाडी आठवत असेल, चालत्या गाडीतून उतरून परत चढता यायचं म्हणतात. (हशा) तर लातूरचा कापूस आणि धान्य ज्या रुळावरून मुंबईकडं जायचं, त्याच रुळावरून गिरणीतली माणसं गावी परत यायची. मुंबईत लोक मरायला लागल्यावर तर ती गावाकडं धावलीच. ताप रेल्वेच्या वाटेनं पसरतो, हे त्या वेळच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्याही लक्षात आलं होतं.

मराठीत लोकांनी या तापाला नाव दिलं मानमोडी. प्लेगला गाठीचा ताप म्हणायचे, कारण गाठ दिसायची. इथं दिसण्यासारखं काही नव्हतं. माणूस मान टाकायचा, म्हणून मानमोडी. आणि मरत कोण होतं? एरवी साथीत लेकरं आणि म्हातारी माणसं जातात. या साथीत वीस ते चाळीस वयाची माणसं जास्त गेली, आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. त्याच वर्षी पाऊस पडला नव्हता, धान्य महाग झालं होतं. ऑक्टोबर म्हणजे रब्बी ज्वारीच्या पेरणीचे दिवस. ज्या हातांनी पेरायचं तेच हात अंथरुणाला खिळलेले. घरात सगळ्यांची शुश्रूषा करणारी बाई आजारी पडली की तिला पाणी द्यायला कुणी उरत नसे. बायका जास्त का गेल्या याच्या कारणांत हेही एक धरतात.

आपली घरं माळवदाची. जाड भिंती, खिडक्या नावाला, उजेड छतातल्या झरोक्यातून. उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब, पण श्वासाच्या रोगाला याहून सोयीची जागा नाही. मुंबई इलाख्यात तेव्हा सल्ला दिला जात होता की गर्दी टाळा, उघड्यावर झोपा, गुळण्या करा. औषध नव्हतं. कशानं होतो हेही ठाऊक नव्हतं. फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1892 मध्ये एक जंतू सांगितला होता, सगळे त्याच्याच मागं होते. तो जंतू चुकीचा होता. पण उघड्यावर झोपा हा सल्ला बरोबर होता. कारण माहीत नसताना उपाय बरोबर निघतो, असं इतिहासात बऱ्याचदा होतं.

मग आपल्याकडं किती माणसं गेली? मुंबईसारखा रोजचा आकडा इथं नाही. गावचा पाटील जन्म-मृत्यू सांगणार, तो कागद तालुक्याला जाणार. पाटीलच अंथरुणात असला तर? हिशेब लागला तो तीन वर्षांनी, 1921 च्या खानेसुमारीत. 1911 मध्ये हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या 1 कोटी 33 लाख 75 हजारांच्या आसपास होती. 1921 मध्ये ती 1 कोटी 24 लाख 72 हजारांच्या आसपास निघाली. दहा वर्षांत वाढ व्हायची ती राहिली बाजूला, उलट 9 लाख माणसं कमी. त्यात प्लेग आहे, दुष्काळ आहे, सगळी एकट्या मानमोडीची नाहीत. पण कुठली किती, हे वेगळं काढायला त्या वेळी मोजलेलंच नव्हतं. अख्ख्या हिंदुस्थानाचा अंदाजही असाच सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत हेलकावे खातो. आपल्या मृतांची नोंद ही अशी वजाबाकीतली नोंद आहे. कोण गेलं हे तिथं कळत नाही, किती उरले एवढं कळतं.

इथून थोडा वेळ मी तुम्हाला लंडनला नेतो, कारण कोडं सुटलं तिथं. 1933 मध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी रुग्णाच्या घशातलं पाणी अगदी बारीक गाळणीतून गाळलं. जंतू गाळणीत अडकतात. गाळून खाली आलेलं पाणी त्यांनी फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात सोडलं. फेरेट शिंकायला लागला. म्हणजे जंतूपेक्षा लहान असं काहीतरी होतं. पुढं 1936 मध्ये असाच एक फेरेट स्टुअर्ट-हॅरिस या संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्याला ताप आला. प्राण्यातून माणसात येतो, याचा पुरावा असा फुकट मिळाला. नंतर हा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवता आला आणि त्यातूनच लस निघाली. आजही फ्लूच्या बहुतेक लशी अंड्यातच वाढवतात.

1957 मध्ये आशियाई फ्लू आला. तो मे महिन्यात जहाजानं मद्रासला उतरला. या वेळी निलगिरीत कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये देशाचं इन्फ्लुएंझा केंद्र होतं, त्यामुळं विषाणू आपल्याच देशात ओळखता आला. सुमारे 44 लाख रुग्ण आणि अकराशेच्या आसपास मृत्यू नोंदले गेले. नोंदले गेले म्हणतोय, झाले म्हणत नाही. मराठवाडा तेव्हा नुकताच हैदराबादमधून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. पुण्यात 1952 साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं विषाणू संशोधन केंद्र निघालं होतं, पण त्याचं लक्ष डास-गोचिडांच्या रोगांवर होतं. तीच संस्था 1978 पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आपल्या बोलण्यातली ‘एनआयव्ही’. आपल्या राज्यातला तापाचा नमुना पुढं तिथं जायला लागला.

2009 चा स्वाइन फ्लू तुम्हा सगळ्यांना आठवतो. ऑगस्टच्या सुरुवातीला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि रुमालांना भाव आला. राज्यात सरकारी तपासणी होती ती पुण्यात एनआयव्हीला आणि मुंबईत हाफकिनला. आता नांदेडच्या वॉर्डातला रुग्ण घ्या. घशातून कापसाच्या काडीनं नमुना घ्यायचा, नळीतल्या द्रवात बुडवायचा, तीन आवरणांत गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवायचा, आणि साडेचारशे किलोमीटर पाठवायचा. लातूरहून तीनशेच्या वर. डबा गार राहिला पाहिजे, नाहीतर नमुना वाया. आणि या आजाराच्या गोळ्यांचा खरा उपयोग लक्षणं दिसल्यापासून पहिल्या 48 तासांत. रुग्ण गावातल्या डॉक्टरकडं एक दिवस काढतो, तालुक्याला एक दिवस. नमुना निघायच्या आधीच ते 48 तास संपलेले असतात. शहाणे डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू करायचे. त्यांचं बरोबरच होतं. पण मग रिपोर्ट कशासाठी? तर साथ कुठं आहे हे सरकारला कळावं म्हणून. ते मात्र उशिरा कळलं तर बंदोबस्तही उशिरा होतो.

नमुने गोळा करण्याचा एक फायदा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. युरोपात फ्लू हिवाळ्यात येतो, म्हणून लस शरद ऋतूत घेतात. आपणही तेच वेळापत्रक उचललं होतं. श्रीनगरपासून तिरुवनंतपुरमपर्यंत वर्षानुवर्षं नमुने तपासल्यावर दिसलं की श्रीनगर हिवाळ्यात तापतं, पण देशाच्या बहुतेक भागात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. म्हणजे आपल्याकडं लस घ्यायची तर एप्रिल-मेमध्ये, मृगाच्या आधी. इतकी साधी गोष्ट, पण घशातल्या काड्या मोजल्याशिवाय कळली नाही. आपल्या आज्या मात्र म्हणायच्याच, पावसाळी पडसं वाईट.

2020 कडं येऊ. 9 मार्चला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले. एप्रिलच्या सुरुवातीला निलंग्यात थांबलेल्या परप्रांतीय प्रवाशांपैकी 8 जण बाधित निघाले. नांदेडमध्ये पहिला रुग्ण 22 एप्रिलला, पीरबुऱ्हाण भागात. त्याच दिवसांत नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबला आलेले हजारो शीख यात्रेकरू टाळेबंदीत अडकले होते. गुरुद्वाऱ्याच्या लंगरनं त्यांना सांभाळलं. एप्रिलच्या शेवटी पंजाबच्या बस आल्या आणि ती मंडळी परत गेली. तिथं तपासणी झाली तर शेकडो बाधित. मग वाद पेटला. लागण नांदेडात झाली की वाटेत? दोन राज्यांचे मंत्री एकमेकांना उत्तरं देत होते. निघताना अंगातला ताप बघितला होता, पण प्रत्येकाच्या घशातला नमुना तपासून मग बसमध्ये बसवणं झालं नव्हतं. तो वाद आज मिटवता येत नाही, कारण मिटवणारा कागदच तयार झाला नाही. 1918 ची वजाबाकी मला इथं आठवते. लंगरात राबलेल्या माणसांवर, गावातल्या लोकांवर बोटं उठली. उत्तराला हातात आकडा नव्हता.

पण त्याच उन्हाळ्यात एक मोठी गोष्ट झाली आणि तिची दखल कमी घेतली गेली. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात विषाणूची चाचणी सुरू झाली. मानमोडीनंतर 102 वर्षांनी आपल्या तापाला आपल्याच गावात नाव मिळायला लागलं. विद्यापीठात एरवी एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला वापरायची यंत्रं होती, ती कामी आली. जीवशास्त्राची पोरं-पोरी पीपीई किट घालून, मे महिन्याच्या उन्हात, दुसऱ्याच्या घशातली काडी हाताळत होती. इतिहासात आपण लढाया शिकवतो. हे कोण शिकवणार, मला माहीत नाही.

शेवटचा प्रसंग माणसांचा नाही. जानेवारी 2025 मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडायला लागले. पन्नासच्या वर. नमुने आधी पुण्याला गेले, तिथून भोपाळला, राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत. तिथून आलं की बर्ड फ्लू आहे, एच-5-एन-1. कावळे मेले त्या जागांभोवतीचा 10 किलोमीटरचा परिसर सतर्कतेचा जाहीर झाला. थोड्याच दिवसांत अहमदपूर तालुक्यात ढाळेगावला सुमारे 4,200 कोंबडीची पिल्लं मेली. आठवड्याभराचीही नव्हती. ज्याचं पोट त्या शेडवर आहे, त्यानं अहवाल येईपर्यंत काय करायचं? मेलेली पिल्लं पुरायची की ठेवायची, उरलेली विकायची की नाही?

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी नमुना भोपाळला गेला, आणि यात कुणाची चूक नाही. हा विषाणू उघड्या प्रयोगशाळेत हाताळायचा नसतो, त्यासाठी बंदिस्त हवेची खास इमारत लागते आणि ती प्रत्येक तालुक्यात बांधत नाहीत. पण कावळा मेला हे कुणीतरी बघावं लागतं आणि कळवावं लागतं. उदगीरमध्ये ते बघितलं गेलं. 1918 मध्ये याच उदगीर तालुक्यात माणसं मेली, ती पाटलाच्या कागदापर्यंत पोचली की नाही हे आज शोधावं लागतं. बीदर जिल्ह्याची जुनी फसली दप्तरं, 1327 आणि 1328 ची, कुणाच्या वाड्यात, माळ्यावर, पेटीत असतील तर आणा. मोडी असो, उर्दू असो, वाचणारी माणसं आपल्याकडं आहेत. मी पाणी पितो, तोवर तुमचे प्रश्न येऊ द्या.