खेळ विकत घेणारे: पचीसी, पुणे आणि सौदीचा पैसा

२९ सप्टेंबर २०२५ ला बातमी आली. अमेरिकेची 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' ही व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी ५५ अब्ज डॉलरला विकली जाणार, आणि घेणाऱ्यांमध्ये सगळ्यात पुढे सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक फंड. आमच्या निलंग्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर 'माशाअल्लाह'ची रांग लागली. ज्यांनी जन्मात फुटबॉलचा गेम उघडून पाहिला नाही, तेही खूश. आता आपली माणसं मालक झाली, असा एकूण सूर होता. या सौद्यात वीस अब्ज डॉलर बँकेकडून कर्जाऊ घेतले आहेत आणि त्यावर व्याज चढणार आहे, हे मात्र कुणी लिहिलं नाही. एरवी सुदावर याच ग्रुपांत रोज एक लांबलचक मजकूर फिरत असतो.

मोठ्यांचं हे, तर शाळेत पोरांचं वेगळंच. मधल्या सुट्टीत नववी-दहावीची मुलं पैज लावल्यासारखी बोलतात. आता यूबीसॉफ्ट कोण घेणार? लुडो किंग विकणार का? मायक्रोसॉफ्ट अजून किती गिळणार? अंदाज बांधायला माझी हरकत नाही. पण अंदाज बांधणारा नेहमी घेणाऱ्याकडे बघतो, त्याची थैली केवढी ते मोजतो. विकलं नेमकं काय जातं, हे कुणी विचारत नाही. आणि हा प्रश्न फार जुना आहे. त्याची सुरुवात आपल्याच घरातल्या पटापासून करावी लागेल.

पचीसी हा आपला खेळ. कापडाचा फुलीच्या आकाराचा पट, सोंगट्या आणि कवड्या. कवड्यांचं सगळ्यात मोठं दान पंचवीसचं, म्हणून पचीसी. फासे टाकून खेळतात तो चौसर किंवा चौपड, त्याचं वर्णन अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त केलंय. फतेहपूर सिक्रीच्या अंगणात दगडात कोरलेला भला मोठा पट लोक अजून बघायला जातात. आमच्या आजीच्या पिढीपर्यंत हा पट घरोघर होता. कुणी शिवला, कुणी पहिल्यांदा मांडला, काही पत्ता नाही. मालक नसलेला खेळ होता तो.

मालक भेटला तो अमेरिकेत. तिथे हाच खेळ 'पार्चीसी' नावाने विकायला लागले आणि १८७४ साली न्यूयॉर्कच्या सेलचो अँड रायटर या कंपनीने ते नाव आपल्या नावावर नोंदवलं. इकडे इंग्लंडमध्ये कवड्या काढून चौकोनी फासा आणला, पट सोपा केला आणि १८९६ मध्ये 'लुडो'चं पेटंट निघालं. पुढे गंमत बघा. १९८६ मध्ये सेलचो अँड रायटर विकली गेली ती कोलेको नावाच्या कंपनीला. कोलेको म्हणजे कोण? १९८२ मध्ये टीव्हीला जोडायचं 'कोलेकोव्हिजन' हे व्हिडिओ गेमचं यंत्र काढणारी कंपनी! म्हणजे पचीसी एका व्हिडिओ गेम कंपनीच्या पोटात गेली. दोनच वर्षांत कोलेकोचं दिवाळं वाजलं आणि १९८९ मध्ये तिची मालमत्ता हॅसब्रोने उचलली. हॅसब्रोला त्यात काय हवं होतं? खेळांची नावं. नाव म्हणजे हक्क, आणि हक्क कधी पगार मागत नाही.

आता सौदीकडे परत येऊ. २०२३ मध्ये याच सौदी फंडाच्या 'सॅव्ही गेम्स'ने स्कोपली ही अमेरिकन मोबाइल गेम कंपनी ४.९ अब्ज डॉलरला घेतली. स्कोपलीचा सगळ्यात गाजलेला खेळ 'मोनोपोली गो'. इतका पैसा ओतला, तरी 'मोनोपोली' हे नाव कुणाचं? हॅसब्रोचंच. उलट नवव्या शतकातलं बगदाद, तिथल्या गल्ल्या, बैतुल हिकमा हे सगळं ज्या खेळात आलं, तो 'असॅसिन्स क्रीड मिराज' २०२३ मध्येच काढला यूबीसॉफ्टने, म्हणजे एका फ्रेंच कुटुंबाच्या ताब्यातल्या कंपनीने. मालक मुसलमान झाला की गोष्टी आपल्या होतील, हे गणित इतकं सरळ नाही.

महाराष्ट्रात या व्यवहारांचा इतिहास पंचवीस वर्षांचा आहे आणि तो कुणी नीट सांगत नाही. १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत 'इंडियागेम्स' सुरू केली. साध्या बटणाच्या मोबाइलवर क्रिकेट खेळलेल्यांना ते नाव आठवत असेल. २००४ च्या अखेरीस चीनच्या टॉम ऑनलाइनने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. २००७ मध्ये रॉनी स्क्रूवाला यांच्या यूटीव्हीने ती घेतली. २०१२ मध्ये यूटीव्हीच डिस्नेच्या ताब्यात गेली आणि तिच्याबरोबर इंडियागेम्सही. आठ वर्षांत तीन मालक. डिस्नेला सिनेमे आणि टीव्ही वाहिन्या हव्या होत्या; गेमचं दुकान म्हणजे भाजीवर फुकट मिळालेली कोथिंबीर. पुढे डिस्नेने जगभरच स्वतः खेळ बनवण्यातून अंग काढून घेतलं. आज इंडियागेम्स नावाचं काही उरलेलं नाही.

पुण्याची गोष्ट वेगळी. तिथे फ्रान्सच्या गेमलॉफ्टचा स्टुडिओ होता, तो २००८ मध्ये यूबीसॉफ्टने घेतला. शंभरावर माणसं एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली. खरं तर दोन्ही कंपन्या गिलेमो भावांच्याच होत्या, म्हणजे भावाभावांतली वाटणी म्हणा. पण ती वाटणी पुण्याला लाभली. २०१६ मध्ये विवेंडी या बड्या फ्रेंच कंपनीने गेमलॉफ्ट भावांच्या मर्जीविरुद्ध ताब्यात घेतली. यूबीसॉफ्टवरही तिची नजर होती, तिने शेअर गोळा करत करत पाव हिश्श्याच्या वर मजल मारली होती, पण २०१८ मध्ये तिने ते विकून टाकले आणि यूबीसॉफ्ट वाचली. त्या वेळी मदतीला आलेल्यांत चीनची टेन्सेंट होती. आणि मदतीला आलेला पाहुणा लवकर उठत नाही. २०२५ मध्ये यूबीसॉफ्टने आपले सगळ्यात कमाऊ खेळ काढून एक वेगळी उपकंपनी केली आणि त्यात टेन्सेंटला १.१६ अब्ज युरोंना पाव हिस्सा दिला. त्या उपकंपनीत गेले ते कॅनडा, स्पेन, बल्गेरियातले स्टुडिओ. पुण्याचं आणि मुंबईचं नाव त्यात नव्हतं.

पुणे-मुंबईच्या वाट्याला एकदा मोठं काम आलं होतं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' नव्याने बनवायचं. २००३ च्या मूळ खेळात इराणचा शहजादा हिंदुस्थानातल्या महाराजाचा महाल लुटायला येतो आणि त्या महाराजाची मुलगी फराह त्याला भेटते. म्हणजे गोष्टच अर्धी इकडची. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, झलक दाखवली, लोकांनी नावं ठेवली, आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला हलवलं. मालक तोच, इमारत तीच, नाव फक्त टेबलावरून उचललं. कंपनी न विकताही स्टुडिओच्या हातातून खेळ जाऊ शकतो, हे मला त्या वेळी कळलं.

या सगळ्यात मी एवढा का शिरलो, ते सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत चित्रं काढतो. झाडं, भिंती, बाजार, खेळात मागे दिसणारं सगळं. शाळेत वहीच्या मागच्या पानांवर हेच काढायचा आणि मार खायचा. मागच्या वर्षी त्याची अम्मी माझ्याकडे आली. "सर, इसकी कंपनी बिकरी बोलते. बच्चे की नौकरी रहती क्या जाती?" त्याच्या पगारावर धाकट्या बहिणीचं डी.फार्म. चालू होतं. ग्रुपवरच्या पोरांना जो अंदाज म्हणजे करमणूक, तो या बाईच्या घरात महिन्याचा हिशेब होता.

मी त्या मुलाला फोन केला आणि पहिली गोष्ट विचारली: तुमचा स्टुडिओ स्वतःचा खेळ बनवतो की दुसऱ्यांच्या खेळाचं काम करतो? म्हणाला, दुसऱ्यांचं. परदेशी कंपन्यांचे तुकडे येतात, आम्ही रंगवून देतो. मी म्हटलं, मग घेणारा आलाच तर हातांसाठी येईल, कारण घेण्यासारखं तुमच्याकडे दुसरं काहीच नाही.

हे मी हवेत बोललो नाही. बेंगळुरूची 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' बघा. १९९७ पासूनचा स्टुडिओ, परदेशी खेळांची चित्रं बनवण्यात हातखंडा. स्वीडनच्या स्टारब्रीझने तो घेतला, मग स्वीडनवालेच बुडायला लागले, आणि २०१९ मध्ये 'जीटीए' बनवणाऱ्या रॉकस्टारने तो ७९ लाख डॉलरला उचलला आणि आपल्या बेंगळुरूच्या स्टुडिओत मिसळून टाकला. सौदा तसा किरकोळ, पण माणसं कामावर राहिली, कारण माणसंच हवी होती. याच्या उलट मायक्रोसॉफ्ट. २०२१ मध्ये तिने साडेसात अब्ज डॉलरना बेथेस्डाचं सगळं कुटुंब घेतलं आणि मे २०२४ मध्ये त्यातले चांगले नाव कमावलेले स्टुडिओ बंद केले. त्यातला जपानचा टँगो कोरियाच्या क्राफ्टनने उचलला म्हणून वाचला. दरम्यान ६८.७ अब्जांचा अ‍ॅक्टिव्हिजनचा सौदा ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरा झाला आणि तीनच महिन्यांत १,९०० माणसांना घरी पाठवलं. नावं मिळाली होती, खेळणारे मिळाले होते. हात जास्त झाले.

दुसरी गोष्ट विचारली ती सौदा कसा होणार याची. शेअर विकले तर कंपनी तीच राहते, नेमणूकपत्र तेच राहतं, फक्त वरचा मालक बदलतो. पण नुसती मालमत्ता विकली, म्हणजे खेळ, नाव, संगणक, तर माणसं त्या पावतीत येतीलच असं नाही. कोलेकोचं तसंच झालं होतं. मुलाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला म्हटलं, नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या घरी काढून ठेव, आणि ज्या खेळात काम केलंस त्याच्या शेवटी येणाऱ्या यादीत तुझं नाव आहे का ते बघ. तीन खेळांपैकी एकातच होतं, आणि तेही चुकीच्या स्पेलिंगने. अम्मीला एवढंच सांगितलं की सहा महिने पोराची बाइक घेऊ नका. तो सौदा अजून झालेला नाही. बाइकही.

आता पोरांच्या पैजेत मीही माझं दान टाकतो. महाराष्ट्रातल्या स्टुडिओंना घेणारा चीनमधून येणं आता कठीण. एप्रिल २०२० पासून आपल्या सीमेला लागून असलेल्या देशांतला पैसा सरकारी परवानगीशिवाय येऊ शकत नाही, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरला पबजी बंद झाला. टॉम ऑनलाइनसारखा सौदा आज झाला असता का, शंका आहे. दार चीनला बंद झालं तसं कोरियाला उघडलं. पबजी बनवणारी क्राफ्टन टेन्सेंटला बाजूला ठेवून स्वतः आली, २०२१ मध्ये बीजीएमआय आणला आणि मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या 'नॉटिलस मोबाइल'मध्ये ११८ कोटी रुपयांना ताबा मिळवण्याइतका हिस्सा घेतला. नॉटिलस म्हणजे 'रिअल क्रिकेट'. ती आधी पुण्याच्याच जेटसिंथेसिसकडे होती. इथे नावही हवं होतं, खेळणारेही आणि क्रिकेट जाणणारे हातही, कारण सेऊलमध्ये बसून कुणाला यॉर्कर टाकता येणार नाही. म्हणून मला हा सौदा बाकीच्यांपेक्षा बरा वाटतो.

घेणारे आपल्याकडेही आहेत. मुंबईच्या 'नजारा'ने (उर्दूचा मास्तर म्हणून मला हे नाव फार आवडतं) २०२४ मध्ये इंग्लंडची फ्यूजबॉक्स २२८ कोटींना घेतली आणि २०२५ मध्ये कर्व्ह गेम्स २४७ कोटींना. तिकडच्या एखाद्या मुलाची आई आता मुंबईच्या नावाने हाच प्रश्न विचारत असेल. त्याच नजाराचा पैसा पोकरच्या धंद्यातही होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि तो धंदा एका आठवड्यात बसला. त्यामुळे माझ्या मते पुढची काही वर्षं भारतात ज्यात पैजेचा वास आहे असं काही परदेशी मालक घेणार नाही. क्रिकेट घेतील, लहान मुलांचं घेतील, आणि परदेशी कामाचे तुकडे करून देणारे पुण्याचे लहान स्टुडिओ तर गुपचूप, बातमीही न होता घेतील.

राहिला लुडो किंग. नवी मुंबईच्या गेमेशनने, विकाश जयस्वाल यांनी, तो २०१६ मध्ये आणला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमच्या गल्लीत आजी-नातू, नणंद-भावजय सगळे त्यावर होते, दुबईचा मामाही रात्री दहाला हजर व्हायचा. पोरं म्हणतात हा पुढचा. मला यातच घेणाऱ्याची अडचण दिसते. 'लुडो किंग' हे नाव विकता येईल, डाउनलोड केलेली माणसं मोजून विकता येतील, पण लुडो विकता येत नाही. १८९६ चं ते पेटंट कधीच संपलंय, आणि त्यामागची पचीसी तर कुणाचीच नव्हती. उद्या कुणीही दुसरा पट मांडू शकतो. घेणाऱ्याचे वकील पहिल्याच बैठकीत हे सांगणार आणि किंमत खाली ओढणार. म्हणून माझं दान असं: लुडो किंग एवढ्यात विकला जात नाही. दहावी 'अ'मधल्या एका मुलाने याविरुद्ध एक समोसा लावलाय.