कासव, पाळीव : बालवयातील लिंगनिश्चय

कवचाची लांबी अद्याप वीतभरही न भरलेल्या कासवाच्या पिलाचे लिंग निश्चित करणे हा प्राणिवैद्यकातील एक नाजूक विषय आहे. कारण पक्व नर व पक्व मादी यांच्यातील जे बाह्य भेद अनुभवी माणसास एका दृष्टिक्षेपात कळतात, ते पिलाच्या अंगी अजून प्रकटच झालेले नसतात, आणि म्हणून केवळ पाहून दिलेला निर्णय हा अदमास ठरतो, दाखला नव्हे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भूचर कासवांचा, त्यांतही भारतात सर्वाधिक चोरून पाळल्या जाणाऱ्या तारांकित कासवाचा (स्टार कासव, जिओकेलोने एलेगन्स) विचार केला आहे.

कारणमीमांसा : मनुष्यप्राण्याचे लिंग गर्भधारणेच्या क्षणी गुणसूत्रांनी ठरते, परंतु बहुतेक कासवांत लिंगगुणसूत्रे नसतात आणि अंडे ज्या मातीत पुरलेले असते तिच्या उष्णतेवर, तेही उबवणीच्या साधारण मधल्या तृतीयांश काळातील उष्णतेवर, पिलू नर होणार की मादी हे अवलंबून असते. या प्रकारचा पहिला पुरावा मादलेन शार्निये यांनी १९६६ साली डाकार येथे अगामा सरड्याच्या अभ्यासातून मांडला व पुढे क्लोद प्यो यांनी फ्रान्समध्ये कासवांवर प्रयोग करून त्याला पुष्टी दिली. सामान्यतः थंड मातीत नर व उष्ण मातीत मादी निपजते : मत्स्यालयांच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या तांबड्या कानाच्या अमेरिकी कासवाची अंडी २६ अंश सेल्सिअसला उबविल्यास नर, तर ३१ अंशांना उबविल्यास मादी जन्मतात. उष्णतेने अरोमाटेज हे विकर कार्यप्रवण होऊन पुंसंप्रेरकाचे स्त्रीसंप्रेरकात रूपांतर करते, हा या घडामोडीचा एक प्रमुख दुवा होय. मृदुकवची कासवांसारख्या काही कुळांत मात्र लिंगगुणसूत्रे आहेत. तेथे रक्ताच्या थेंबातील जनुकद्रव्य तपासून उत्तर मिळते, भूचर कासवांत तो मार्ग बंद आहे.

प्रौढांतील लक्षणे : तारांकित कासवाची मादी नरापेक्षा बरीच मोठी व रुंद असते. नराची शेपटी लांब व मुळाशी जाड असून अवस्कराचे (मल, मूत्र व जनन यांच्या सामाईक मार्गाचे) छिद्र तिच्या टोकाकडे सरकलेले असते. मादीची शेपटी आखूड असून छिद्र कवचाच्या कडेजवळ राहते. नराचे उदरकवच समागमाच्या सोयीसाठी उथळ ताटलीसारखे खोलगट, तर मादीचे सपाट असते. शेपटीलगतच्या दोन गुदशल्कांमधील खाच मादीत अंड्यांना वाट मिळावी इतकी रुंद असते. ही चारही लक्षणे परस्परांशी जुळली, तरच निर्णयास वजन येते.

बालवयातील अडचण : नर साधारणतः सहा ते आठ व मादी आठ ते बारा वर्षांत वयात येते, तोपर्यंत सर्वच पिलांची शेपटी आखूड व उदरकवच सपाट असल्याने प्रत्येक पिलू मादीच भासते, आणि घरोघरच्या बहुसंख्य चुका याच एका भासातून उद्भवतात. एका कासवाने दुसऱ्यावर चढणे हाही पुरावा नव्हे, कारण वर्चस्व गाजविण्यासाठी माद्याही तसे करतात. कोमट पाण्यात बसविले असता काळसर शिश्न बाहेर आलेले दिसणे हे नराचे, आणि अंडे घालणे हे मादीचे, निर्विवाद प्रमाण होय.

वैद्यकीय पद्धती : गुंगी देऊन, मांडीपुढील मऊ त्वचेतून छोटा छेद घेऊन बारीक दुर्बीण आत सारली असता वृषण किंवा अंडाशय प्रत्यक्ष पाहता येतो, काही प्राण्यांत अवस्करावाटे मूत्राशयात दुर्बीण नेऊन, छेदाशिवायही हे साधते. रक्तातील टेस्टोस्टेरॉनचे मापन ही दुसरी रीत आहे. फ्लोरिडातील संशोधकांनी २०२० साली नवजात कासवांच्या रक्तातील म्युलेरियनरोधी संप्रेरकावरून नर ओळखण्याची चाचणी सिद्ध केली. परंतु ती मुख्यतः सागरी व गोड्या पाण्यातील जातींवर पारखलेली आहे.

फसलेल्या निर्णयांचा इतिहास : सेलबर्नचे निसर्गलेखक गिल्बर्ट व्हाइट यांच्याकडे त्यांच्या आत्याकडून १७८० साली आलेले टिमोथी नावाचे कासव नर समजले जात होते, त्याचे कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात असून ते मादीचे आहे. क्रिमियन युद्धात ‘क्वीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवर असलेले व २००४ साली वारलेले दुसरे टिमोथीही मादी असल्याचे १९२६ साली उघड झाले. सेंट हेलेना बेटावरील जोनाथन या वृद्ध कासवाची सहचरी मानलेली फ्रेडरिका ही बहुधा नर असावी, असे २०१७ मध्ये पशुवैद्यकीय तपासणीत आढळले. प्रौढांच्या बाबतीत जिथे पिढ्यान्‌पिढ्या चूक राहिली, तिथे पिलाविषयी ठाम बोलणाऱ्याने अधिक सावध असले पाहिजे.

डमडम व कोलकाता : कासवपालनाच्या इतिहासात कोलकाता व त्याचे उपनगर डमडम यांना स्वतंत्र स्थान आहे. डमडम येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट क्लाइव्हचे जुने निवासस्थान आहे; त्याच क्लाइव्हला भेट मिळालेल्या अल्डाब्रा जातीच्या महाकाय कासवांपैकी एक पुढे कोलकात्यातील आलिपूरच्या प्राणिसंग्रहालयात अद्वैत या नावाने राहिले, अशी परंपरा आहे. सुमारे अडीचशे किलो वजनाचा हा नर मार्च २००६ मध्ये वारला. त्याचे सांगितले जाणारे अडीचशे वर्षांचे वय मात्र जन्माच्या दस्तऐवजाने शाबीत झालेले नाही. दुसरा संबंध दुःखद आहे : डमडमचा विमानतळ व पूर्वेकडील सरहद्द ही तारांकित कासवांच्या पिलांच्या चोरट्या रवानगीची वाट ठरली असून सीमाशुल्क खात्याने वेळोवेळी पिले जप्त केली आहेत. एकाच तापमानात उबविलेली अशी खेप संपूर्ण एकाच लिंगाची असू शकते, म्हणून मुक्ततेपूर्वी वा प्रजननगट बनविण्यापूर्वी लिंगतपासाला बचावकेंद्रांत खरे महत्त्व आहे. रत्नागिरीतील वेळासच्या किनाऱ्यावर सागरी कासवांची घरटी जपणाऱ्यांनाही हेच सूत्र लागू पडते. वाळू फार तापली, तर पुढील पिढीत नरांची वाण पडण्याचा धोका संभवतो.

कायदा व व्यवहार : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतातील तारांकित कासव घरी बाळगणे हा गुन्हा आहे, ऑगस्ट २०१९ मध्ये जिनीव्हा येथील परिषदेत या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापारही सर्वोच्च निर्बंधाखाली आला. कायदेशीररीत्या बाळगलेल्या परदेशी कासवाच्या पालकाने दरवर्षी वजन, उदरकवचाची लांबी व शेपटीचे छायाचित्र यांची नोंद ठेवावी, आणि कवच साधारण दहा-बारा सेंटिमीटर होईपर्यंत निर्णयाची घाई करू नये. पिलाला नर मानून बसल्यास मोठेपणी अंडी अडकून मादी दगावण्याचा संभव लक्षातच येत नाही. म्हणून लिंग अनिश्चित असेतो अंडी घालण्यास मऊ, खोल मातीची सोय प्रत्येक कासवासाठी असावी. भारतीय जातीचे पिलू कोणाच्या हाती लागल्यास त्याने लिंग शोधीत बसण्यापेक्षा ते तत्काळ वनखात्याच्या हवाली करावे, कारण त्याच्या जिवाचे रक्षण हे त्याच्या लिंगनिश्चितीहून नि:संशय अगोदरचे कर्तव्य आहे.