कराची ते मुंबई

कराची आणि मुंबई या दोन बंदरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८८५ किलोमीटर. १९३२ साली ही दोन्ही नगरे एकाच मुंबई इलाख्यात मोडत असत. लंडनहून इंपीरियल एअरवेजचे टपाल कराचीपर्यंत विमानाने येई. पुढे मात्र त्याला जमिनीवरील संथ वाट धरावी लागे.

ही उणीव दूर करण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिग रोड विमानतळावरून एका इंजिनाचे चिमुकले पुस मॉथ विमान उडविले. वेग ताशी शंभर मैल. सोबत उतारू नाही, बिनतारी यंत्र नाही, केवळ टपालाच्या थैल्या. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून आले! दुपारी विमान जुहूच्या मैदानात उतरले. सात तासांहून थोडा अधिक वेळ लागला होता. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा पुण्याचा आश्रय घ्यावा लागे.

१९३६ मध्ये सिंध प्रांत इलाख्यातून वेगळा झाला. १९४७ मध्ये मधे सीमारेषा आली. तरीही १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टाटांनी तोच मार्ग लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा एकट्याने आक्रमिला.

जेट विमानास हे अंतर तोडण्यास दीड-पावणेदोन तास पुरे आहेत. परंतु आज या दोन नगरांमध्ये थेट विमानसेवा नाही. उतारूला तिसऱ्या देशातून वळसा घ्यावा लागतो, आणि पुस मॉथने सात तासांत केलेला प्रवास तेवढ्या वेळात क्वचितच पुरा होतो.