इंदूरच्या होळकरांची ड्यूसेनबर्ग व मोटारींतील पाठभेद

पोथ्या, सनदा व नाणीं यांनीं भरलेल्या या पृष्ठांत मोटारगाडीवरील टिपण पाहून वाचक दचकल्यास त्यांत नवल नाहीं. प्रस्तुत लेखकानें सारी हयात मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत घालविली असून मोटार हांकणें त्यास आजही येत नाहीं. तथापि मूळ कोणतें व मागाहून घातलेलें कोणतें, हा जो प्रश्न आपणांस प्रत्येक हस्तलिखितापुढें पडतो, तोच अमेरिकेंतील जुन्या, भारी किंमतीच्या मोटारींच्या संग्राहकांसही पडत असतो. आणि त्यांतील एका नामांकित गाडीचा संबंध एका मराठी राजकुलाशीं पोंचतो. एवढ्या आधारावर हें धाडस केलें आहे.

ज्या काळाविषयीं येथें लिहावयाचें तो १९२५ ते १९४० असा स्थूलमानानें धरावा. मोटारींच्या पाठीस माशासारखे पर फुटण्यापूर्वींचा हा काळ होय. ते पर १९४८ सालीं प्रथम कॅडिलॅक गाडीस आले. इंदूर संस्थान मध्यभारतांत विलीन झालें तेंही त्याच सालीं. परांच्या गाड्या कारखान्यांतून सबंध तयार होऊन बाहेर पडत. तत्पूर्वीं उत्तम गाडीची रीत निराळी होती. कारखाना केवळ सांगाडा, म्हणजे मोटारवाले ज्यास चासी म्हणतात तो, एंजिनासह विकी. त्यावर बसावयाची बॉडी धनिक गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधवून घेई. म्हणून एकाच कारखान्याच्या दोन गाड्या एकमेकींसारख्या असतीलच असा नेम नसे.

ड्यूसेनबर्ग हें या परंपरेचें शिखर. फ्रेडरिक व ऑगस्ट हे बंधु जन्मानें जर्मन. त्यांनीं अमेरिकेंत येऊन शर्यतीच्या गाड्या बांधिल्या. १९२१ सालीं फ्रान्सची ग्रां प्री त्यांच्याच गाडीनें जिंकली. १९२६ सालीं कंपनी एरेट लॉबन कॉर्ड यांच्या ताब्यांत गेली, आणि १९२८ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत ‘जे’ नांवाची गाडी पुढें आली. एका ओळींत आठ सिलिंडर, ४२० घनइंच, २६५ अश्वशक्ति असा कारखान्याचा दावा होता. पुढें १९३२ सालीं हवा दाबून भरणारें यंत्र, सुपरचार्जर, जोडून ३२० अश्वशक्तीची ‘एसजे’ निघाली. त्याच वर्षीं फ्रेडरिक असल्याच एका गाडीच्या अपघातांत जखमी होऊन वारला. नुसत्या सांगाड्याची किंमत आरंभीं ८,५०० डॉलर होती. फोर्डची साधी गाडी त्या वेळीं सबंध ५०० डॉलरांच्या आसपास मिळे. सांगाडे दोन लांबींचे असत: दोन चाकांच्या आंसांमधील अंतर १४२॥ इंच किंवा १५३॥ इंच. १९३७ सालीं कारखाना बंद पडला, तोंपर्यंत ‘जे’ वर्गाच्या सुमारें ४८१ गाड्या झाल्या होत्या.

श्रीमंत महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, हे १९०८ सालीं जन्मले. वडील तुकोजीराव, तिसरे, यांनीं राज्यत्याग केल्यावर १९२६ सालीं ते गादीवर आले व १९३० सालीं त्यांस पूर्ण अधिकार मिळाले. त्यांची रुचि वाड्याविषयीं असो कीं वाहनाविषयीं, अगदीं नव्या वळणाची होती. माणिकबाग हा त्यांचा प्रासाद एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञानें आखला. याच महाराजांनीं १९३० च्या दशकाच्या मध्यास एक ‘एसजे’ सांगाडा घेतला. बॉडी मात्र त्यांनीं अमेरिकेंत बांधविली नाहीं. सांगाडा लंडनास गेला व तेथें गर्नी नटिंग या कारखान्यांत त्यावर दोन माणसांची उघडी बॉडी चढली. रंग नारिंगी व काळा. म्हणजे यंत्र अमेरिकन, अंग इंग्रजी, धनी मराठी. ही गाडी कोणत्या देशाची म्हणावी, असें कोणी विचारल्यास प्रस्तुत लेखक तरी चटकन उत्तर देणार नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. ड्यूसेनबर्गच्या एंजिनावर ‘जे’ अक्षरापुढें आंकडा ठोकलेला असतो, सांगाड्यावर चार अंकी निराळा क्रमांक असतो, आणि बॉडी तिसऱ्याच गांवीं झालेली. तिन्ही एकत्र राहिलीं तर आनंदच. पण असल्या गाड्यांची एंजिनें एकमेकींत बदललीं, बॉड्या उतरविल्या, दुसऱ्या चढविल्या. पोथीची पुष्पिका एका ग्रंथाची, मधलीं पत्रें दुसऱ्याची आणि वेष्टनावरील नांव तिसऱ्याचें, असा जो प्रकार आपण नित्य पाहतों, तोच हा. उपमा फार ताणूं नये हें खरें. टीका काढून ठेविली तरी संहिता वाचतां येते. बॉडी काढलेल्या सांगाड्यावर बसून कोणी महाराज फिरावयास निघत नाहींत.

प्रक्षेपाचें एक सुंदर उदाहरण सांगतों. ‘एसजे’ गाडीच्या बॉनेटच्या कुशींतून चकचकीत, लवचीक नळ्या बाहेर आलेल्या असतात. धूर त्यांतून जातो. सुपरचार्जरला जागा व्हावी म्हणून ही योजना होती. पण नळ्या दिसावयास इतक्या झोंकदार कीं सुपरचार्जर नसलेल्या साध्या ‘जे’ गाड्यांसही त्या लोकांनीं लावून घेतल्या, कित्येकांनीं पुष्कळ वर्षांनंतर. सबब, नळ्या पाहून ‘एसजे’ असें अनुमान करणारा मनुष्य, मंगलाचरण पाहून ग्रंथकार ठरविणाऱ्या पंडिताच्याच पंक्तीस बसतो. लक्षण साध्याशीं नित्य जोडलेलें नसेल तर तें गमक होत नाहीं, हें तर्कसंग्रह शिकणाऱ्या मुलासही ठाऊक असतें.

परंतु सर्वच बदल सारखे टाकाऊ मानावे काय? येथें मतभेद आहे, व प्रस्तुत लेखकाचें मत येथें स्पष्ट नोंदवितों. पासाडिना येथील मर्फी कंपनीनें ड्यूसेनबर्गवर पुष्कळ उत्तम बॉड्या बांधिल्या. ती बंद पडल्यावर तिच्यांतील बोमन व श्वार्ट्झ या कारागिरांनीं स्वतंत्र दुकान थाटून १९३० च्या दशकांतच मर्फीच्याच जुन्या गाड्यांचीं मडगार्डें वगैरे नव्या वळणाचीं करून दिलीं. हा बदल मूळ नव्हे, पण तो समकालीन आहे, जाणत्या हातचा आहे व गाडीच्या धन्याच्या इच्छेनें झालेला आहे. कोपरगांवकडील नीलकंठ चतुर्धर यांनीं काशीस बसून नाना देशींच्या प्रती जमवून महाभारताचा जो पाठ सिद्ध केला, तो भांडारकर मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीनें मूळ म्हणून स्वीकारला नाहीं. तथापि सतराव्या शतकांतील वाचनाचा पुरावा म्हणून त्याची किंमत कोण नाकारील? याउलट दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत बंद बॉडीच्या गाड्यांस गिऱ्हाईक मिळेना, तेव्हां ती बॉडी भंगारांत काढून तिच्या जागीं उघडी बॉडी चढविण्याचा जो धंदा चालला, तो पत्रें फाडून चित्रें विकणाऱ्यांच्या धंद्याहून निराळा नाहीं. बोमन-श्वार्ट्झचें मडगार्ड काढून त्या जागीं ‘मूळ मर्फी’ पद्धतीचें नवें बसविणारा जीर्णोद्धारक दुसरी चूक करतो, असें माझें म्हणणें आहे.

ऑबर्न, कॉर्ड व ड्यूसेनबर्ग या तीन गाड्यांच्या शोकिनांचा अमेरिकेंत एक संघ आहे. तो गाडी तपासून, अंक ताडून वर्ग ठरवितो. ज्या गाडीचे मुख्य भाग मूळचेच ठरतात तिला पहिल्या वर्गाचा दाखला मिळतो. हा दाखला गाडीच्या किंमतीवर परिणाम करतो, व किंमती अशा कीं गॅरी कूपर या नटाची आंखूड सांगाड्याची ‘एसएसजे’ २०१८ सालीं २ कोटी २० लाख डॉलरांस गेली. एवढें द्रव्य पणास लागलें म्हणजे लोक कागद जपूं लागतात.

आपल्याकडे कागदांची स्थिति काय आहे? एका जुन्या संस्थानी गांवीं रद्दीच्या दुकानांत प्रस्तुत लेखकास मोटारखान्याच्या दोन वह्या दिसल्या होत्या. पेट्रोल, टायर, हांकणाराचा पगार, विलायतेहून आलेल्या सुट्या भागांचीं बिलें, सारें कांहीं तारखेवार. त्या दिवशीं खिशांत पैसे कमी, म्हणून शेजारचा मोडीचा रुमाल घेतला. वह्या तेथेंच राहिल्या. पुढल्या खेपेस त्या नव्हत्या. मोडी रुमालांत निघाल्या त्या देवस्थानाच्या तेलाच्या पावत्या.

संस्थानी मोटारखान्याच्या अशा वह्या, मोटारींचे फोटो अथवा बॉडी बांधणाऱ्या विलायती कारखान्यांशीं झालेला पत्रव्यवहार कोणा संग्राहकाच्या दप्तरांत असेल, तर त्यांतील क्रमांक व तारखा उतरून मंडळाकडे धाडाव्या. त्यांतही इंदूरच्या कागदांची प्रथम अपेक्षा आहे.