धुराड्यातला 'स्पेसर' आणि 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा

मोटारीचा मूळ सायलेन्सर काढून त्या जागी मोकळा, घुमणारा एक्झॉस्ट बसवण्याची हौस मुंबईला नवी नाही. मात्र अलीकडच्या मोटारींत या हौसेपाठोपाठ डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा हमखास लागतो. तो घालवण्यासाठी ऑक्सिजन सेन्सर आणि धुराची नळी यांच्यामध्ये अंगठ्याएवढा एक पोकळ लोखंडी तुकडा बसवला जातो. यालाच 'स्पेसर' म्हणतात. कोणत्याही लेथवर तासून मिळेल इतका तो साधा असतो. दिवा विझतो आणि गाडीमालक निश्चिंत होतो. दिव्याने दिलेली सूचना मात्र खरीच असते, आणि तिचा संबंध थेट शहराच्या हवेशी असतो.

दोन सेन्सर, दोन कामे

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी एक किलो इंधनाला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधले आहे की नाही, हे धुरातील उरलेल्या ऑक्सिजनवरून कळते. झिर्कोनिया या सिरॅमिकपासून बनवलेला सेन्सर तापल्यावर धुरातील आणि बाहेरच्या हवेतील ऑक्सिजनच्या फरकानुसार अल्पसा विद्युतदाब निर्माण करतो. इंधन जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर ०.१ व्होल्ट. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ साली प्रथम व्होल्वोच्या मोटारीत बसवण्यात आला. इंजिनाचा संगणक त्याच्या संकेतानुसार इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी कमी-अधिक करीत असतो.

हा झाला पहिला सेन्सर. त्यापुढे असतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर येथे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत होते. लेपातील सेरियम ऑक्साइड जादा ऑक्सिजन साठवून ठेवते आणि गरज पडताच सोडते. त्यामुळे कन्व्हर्टरच्या पलीकडे बसवलेल्या दुसऱ्या सेन्सरचा संकेत जवळजवळ स्थिर राहतो. हा दुसरा सेन्सर प्रामुख्याने कन्व्हर्टरवर देखरेख ठेवण्यासाठीच असतो.

सांकेतिक क्रमांकांची भाषा

कन्व्हर्टर निकामी झाला किंवा काढून टाकला, की दुसरा सेन्सरही पहिल्यासारखाच वरखाली होऊ लागतो. संगणक दोन्ही संकेतांची तुलना करतो आणि 'पी ०४२०' हा क्रमांक नोंदवून दिवा लावतो. यातील 'पी' हे अक्षर इंजिन व गिअरबॉक्सशी संबंधित दोष दर्शवते. त्यापुढील शून्य म्हणजे हा क्रमांक सर्व कंपन्यांना समान आहे, आणि चार हा आकडा धूर-नियंत्रण यंत्रणेचा. 'पी ०४२०' याचा अर्थ कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली आहे. इंजिनाच्या दोन बाजूंना स्वतंत्र कन्व्हर्टर असल्यास दुसऱ्या बाजूसाठी 'पी ०४३०' हा क्रमांक येतो. 'पी ०१३९' म्हणजे मागचा सेन्सर मंद प्रतिसाद देतो आहे, तर 'पी ०१४१' म्हणजे त्याच्या हीटरच्या मंडलात बिघाड आहे. 'पी ०३००' हा इंजिन मिसफायर होत असल्याचा क्रमांक. त्या वेळी दिवा लुकलुकत असेल तर गाडी शक्य तितक्या लवकर थांबवावी; कारण न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याची जाळी वितळू शकते.

अमेरिकेत १९९६पासून सर्व नव्या मोटारींना ही क्रमांकपद्धती सक्तीची झाली. भारतात भारत स्टेज-४ मानकांसोबत २०१०मध्ये तिचा पहिला टप्पा आला. कन्व्हर्टरवर देखरेख ठेवणारा दुसरा टप्पा एप्रिल २०१३पासून लागू झाला.

स्पेसर नेमके काय करतो?

स्पेसरमुळे मागच्या सेन्सरचे टोक धुराच्या मुख्य प्रवाहातून बाहेर, एका अरुंद पोकळीत सरकते. तेथे धूर हळूहळू पोहोचतो आणि हळूहळू बदलतो. साहजिकच संकेतातील चढउतार मंदावतात आणि कन्व्हर्टर चोख काम करतो आहे, असा संगणकाचा समज होतो. काही स्पेसरमध्ये कन्व्हर्टरच्या जाळीचा चिमुकला तुकडाही बसवलेला असतो. म्हणजे सेन्सरपुरता धूर स्वच्छ होतो, रस्त्यावरचा नव्हे.

ही युक्तीही दरवेळी साधत नाही. प्रवाहापासून दूर गेलेला सेन्सर पुरेसा तापला नाही, तर मंद प्रतिसादाचा नवा क्रमांक उमटतो. मूळ जागेपेक्षा बाहेर आलेला सेन्सर गतिरोधकावर आपटण्याची भीती असते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेल्यास तापलेले सिरॅमिक अचानक थंड होऊन तडकू शकते. स्पेसर चुकून पुढच्या सेन्सरला लावला तर इंधनाचे गणितच बिघडते. त्यात मायलेज घटते आणि शाबूत असलेला कन्व्हर्टरही खराब होण्याचा धोका असतो.

माझगावच्या हवेचा प्रश्न

एका अंगाला गोदी आणि पी. डिमेलो मार्ग, २०१३ साली खुला झालेला पूर्व मुक्त मार्ग आणि मधून जाणारी हार्बर रेल्वे, अशा वर्दळीत माझगाव वसले आहे. २०२१-२२च्या हिवाळ्यात येथील हवा अनेक दिवस 'अतिशय वाईट' श्रेणीत नोंदली गेली. त्या नोंदींत धूलिकणांचा वाटा मोठा होता, हे खरे. परंतु वाहनांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि हायड्रोकार्बन उन्हात एकत्र येऊन जमिनीलगत ओझोन तयार करतात, आणि सूक्ष्म कणांतही भर घालतात. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना याचा त्रास सर्वाधिक होतो.

मुंबईने या धुराविरुद्धचा लढा न्यायालयातही लढवला आहे. स्मोक अफेक्टेड रेसिडेन्ट्स फोरमच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९मध्ये तत्कालीन परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यातूनच जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणण्याच्या प्रक्रियेला वेग आला. त्याआधी, एप्रिल १९९५पासून, चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला होता. शिशामुळे कन्व्हर्टर निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोलही तेव्हाच या शहरांत आणावे लागले, आणि फेब्रुवारी २०००मध्ये ते देशभर लागू झाले. एप्रिल २०२०पासून आलेल्या भारत स्टेज-६ मानकांनुसार पेट्रोल मोटारीने किलोमीटरमागे नायट्रोजनची ऑक्साइडे ०.०६ ग्रॅमपेक्षा अधिक सोडता कामा नयेत. कन्व्हर्टर काढलेल्या गाडीला ही मर्यादा पाळणे शक्य नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आणलेल्या कलम १८२-अ अन्वये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वनी व वायुप्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९०(२) लागू होते. त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची, तसेच परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवण्याची तरतूद आहे.

स्पेसरने संगणक फसतो, 'पीयूसी' केंद्रावरचे यंत्र फसत नाही. ते धूरच मोजते. मात्र पेट्रोल गाडीच्या या तपासणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे कन्व्हर्टर ठीक आहे, असे मानता येत नाही.

दिवा लागल्यास काय करावे?

'पी ०४२०' दिसला म्हणजे कन्व्हर्टर बदललाच पाहिजे, असे नाही. आधी धुराच्या नळीचे जोड गळत नाहीत ना, सेन्सर आणि त्याची वायर शाबूत आहे ना, इंजिन मिसफायर होत नाही ना किंवा ऑइल जाळत नाही ना, हे क्रमाने तपासून घ्यावे. मूळ दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही फार काळ टिकत नाही. मौल्यवान धातूंच्या मोहाने गाडीचा कन्व्हर्टरच चोरीला जाण्याचे प्रकारही महाराष्ट्रात घडले आहेत. २०२१च्या सुमारास इको व्हॅनचे सायलेन्सर याच कारणाने चोरांचे लक्ष्य ठरले होते. त्यामुळे गाडीचा आवाज अचानक वाढला असेल तर आधी खाली वाकून पाहावे.

जुनी मोटार विकत घेताना तर ही काळजी अधिकच घ्यावी. गाडी लिफ्टवर चढवून मागच्या सेन्सरखाली जादा तुकडा जोडलेला नाही ना, हे पाहता येते. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडून संगणकाच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत का, हेही तपासता येते. त्या अपूर्ण असतील तर विक्रीपूर्वी नोंदी पुसल्या गेल्याची शक्यता असते. विझलेला दिवा पाहून व्यवहार पक्का केला, तर कन्व्हर्टरचा खर्च आणि दंडाची जोखीम दोन्ही नव्या मालकाच्या गळ्यात पडतात.