लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

रिचमंड रोडला जनरल तिमय्यांचे नाव आहे, हे आपण बंगळूरकर जाणतोच. पण या कोडगू वीराच्या खांद्याला खांदा लावून लढलेला एक कोल्हापूरकर होता, हे आपल्याच मंडळींना क्वचित ठाऊक असते. ते म्हणजे लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

सँडहर्स्टहून १९२६ मध्ये अधिकारी होऊन ते पंजाब रेजिमेंटमध्ये गेले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉ येथे एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणी थोरात, तिमय्या व एल. पी. सेन या तीन भारतीयांच्या हाताखाली होत्या. भारतीयाला पलटण पेलेल का, अशी शंका घेणारे इंग्रज तेव्हा कमी नव्हते! जपान्यांशी निकराची झुंज देऊन तिघांनीही ‘डी.एस.ओ.’ पटकावले.

१९५३ मध्ये कोरियात तिमय्या व थोरात पुन्हा एकत्र आले. मायदेशी परतण्यास नकार देणारे सुमारे २२ हजार चिनी व उत्तर कोरियन युद्धकैदी थोरातांच्या दलाकडे होते. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला डांबले. थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावात शिरले आणि एकही गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. कोरियातील कामगिरीसाठी त्यांना अशोक चक्र वर्ग २, म्हणजे आजचे कीर्ती चक्र, मिळाले. पद्मश्रीही मिळाली.

पूर्व विभागाचे सेनापती असताना चीन कुठून उतरेल व किती फौज लागेल, हे त्यांनी १९५९ मध्ये लेखी कळवले. १९६० मध्ये लखनौच्या ‘लाल किल्ला’ सरावात ते मांडूनही दाखवले. दिल्लीने ते मनावर घेतले नाही. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी चिनी फौजा उतरल्या. युद्धानंतर नेहरूंनी त्यांना बोलावून, हा अहवाल आपल्याला आधी का दाखवला नाही, असे विचारल्याचे थोरातांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.